कळ कुणाच्या हातात? मेंदूला वीज देणाऱ्या यंत्रांचा घरापर्यंतचा प्रवास

हातकणंगल्यात असला विषय कशाला, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. डोक्यावर पट्ट्यासारखं चढवायचं, मेंदूला बाहेरून अगदी थोडी वीज द्यायची, आणि तेही पेशंटनं स्वतःच्या घरी बसून. हे मुंबई-बंगळूरच्या मोठ्या हॉस्पिटलांचं काम, आपल्याला काय त्याचं? आमचं म्हणणं नेमकं उलटं आहे. मोठं हॉस्पिटल दाराशी असतं तर या यंत्राची गरजच फारशी पडली नसती. ही अंतरातून जन्मलेली वस्तू आहे.

हिशेब करून बघा. नैराश्यावर चुंबकीय लहरींचा एक उपचार आहे, टीएमएस म्हणतात त्याला. इंग्लंडमध्ये शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली तो दाखवला आणि अमेरिकेत २००८ साली नैराश्यासाठी त्याला मान्यता मिळाली. उपचार साधारणपणे आठवड्यातले पाच दिवस आणि चार ते सहा आठवडे चालतो. म्हणजे वीस ते तीस फेऱ्या. यंत्र मोठं, खुर्चीला जोडलेलं, ते हलत नाही, हलायचं पेशंटनं. इचलकरंजीत मागावर काम करणाऱ्या माणसाला महिनाभर रोज कोल्हापूर नाहीतर मिरज गाठायची, सोबत घरचं एक माणूस, दोघांचाही रोज बुडणार. उपचार फुकट असला तरी तो परवडत नाही.

आणि मुळात उपचारापर्यंत पोचतंय कोण? निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. चिंता-नैराश्यासारख्या नेहमीच्या आजारांत शंभरातल्या सुमारे ८५ जणांना उपचार मिळतच नाही, असं त्यात दिसलं. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

आम्ही डॉक्टर नाही, इतिहासाचे विद्यार्थी आहोत. म्हणून आज उपचार घ्या किंवा घेऊ नका असं काही सांगणार नाही, आणि चालू गोळ्या बंद करा असं तर मुळीच नाही. एकच प्रश्न घेऊन दोनशे वर्षं मागं जाणार आहोत: हे यंत्र चालू-बंद करायची कळ कुणाच्या हातात होती?

आधी एक गैरसमज बाजूला करू. आपल्याकडं 'डोक्याला करंट' म्हटलं की माणूस 'शॉक' ऐकतो. सिनेमानं तर तो शॉक पार छळाचं हत्यार करून ठेवलाय. शॉक म्हणजे ईसीटी. त्यात सुमारे ८०० मिलिअँपिअर प्रवाह काही सेकंद देऊन मुद्दाम आकडी आणली जाते. आज आपण बोलतोय ते प्रामुख्यानं टीडीसीएस या प्रकाराबद्दल. त्यात प्रवाह असतो दोन मिलिअँपिअर, तोही सलग वीस-तीस मिनिटं. शॉकच्या चारशेवा भाग. आकडी येत नाही, शुद्ध जात नाही, कातडीवर मुंग्या आल्यासारखं वाटतं, बास. एक पाटाचं पाणी एकदम फोडणं आणि दुसरं ठिबक, एवढा फरक. दोन्हींत पाणीच असतं, म्हणून दोन्ही एक होत नाहीत.

आता मागं जाऊ. वेदनेवर विजेचा मासा ठेवायचा उपाय रोमन काळापासूनचा. स्क्रिबोनिअस लार्गस या वैद्यानं पहिल्या शतकात डोकेदुखीसाठी तो लिहून ठेवलाय. पण आपल्या गोष्टीची खरी सुरुवात १८०० सालची. त्या वर्षी व्होल्टानं बॅटरी जगापुढं आणली आणि पहिल्यांदाच वीज सलग मिळू लागली. लगेच पुढच्या वर्षी, १८०१ मध्ये, बोलोन्यात जोव्हान्नी अल्दिनी यांनी ती एका माणसाच्या डोक्याला लावली. हे अल्दिनी म्हणजे बेडकाच्या पायावाल्या गॅल्व्हानींचे भाचे. पेशंटचं नाव लुईजी लांझारिनी, वय २७, व्यवसाय शेती, आजार उदासीनतेचा. डोक्यावरचा थोडा भाग भादरला, मिठाच्या पाण्यानं ओला केला आणि प्रवाह सोडला. माणूस हळूहळू सुधारला आणि घरी गेला, असं अल्दिनींनी १८०४ सालच्या आपल्या ग्रंथात लिहिलंय.

एक शेतकरी, उदासीनता, ओली कातडी, मिठाचं पाणी. दोनशे वर्षांनी आजही यंत्रातला स्पंज मिठाच्या पाण्यातच भिजवतात. अल्दिनींची आणखी एक गोष्ट आम्हाला आवडते. त्यांनी आधी स्वतःच्या डोक्यावर प्रयोग केला होता, आणि त्यानंतर काही दिवस झोप उडाली हेही लिहून ठेवलं. पण याच गृहस्थांनी १८०३ मध्ये लंडनला फाशी दिलेल्या कैद्याच्या प्रेताला वीज लावून लोकांसमोर हातपाय हलवून दाखवले. उपचार आणि खेळ एकाच माणसाच्या एकाच पेटीत. ही जोडी पुढं सुटलेली नाही.

घरगुती यंत्र आलं ते या खेळाच्या अंगानं. १८५० च्या सुमाराला पुल्व्हरमाखर नावाच्या गृहस्थांनी साखळी काढली. धातूच्या बारीक कड्यांची, व्हिनेगरमध्ये बुडवायची आणि अंगावर घालायची. ती एवढी पसरली की फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी' कादंबरीतला औषधविक्यासुद्धा ती घालतो. मग आले विजेचे पट्टे. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर हार्नेस नावाच्या माणसानं पट्ट्यांचं मोठं दुकान थाटलं होतं. अशक्तपणा, संधिवात, मज्जातंतूंचे विकार, सगळ्यावर एकच पट्टा. १८९० च्या दशकात प्रकरण उघडं पडलं: त्या पट्ट्यातून नाव घेण्याजोगी वीज येतच नव्हती. म्हणजे बघा, पहिल्यांदा कळ पेशंटच्या हातात आली, आणि त्या कळीला पुढं काही जोडलेलंच नव्हतं!

यानंतर डॉक्टर मंडळींनी या धंद्याकडं पाठ फिरवली, ते स्वाभाविक होतं. वीज परत दवाखान्यात गेली आणि १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी ईसीटी आणली. पहिला पेशंट कोण होता? रोमच्या रेल्वे स्टेशनवर भरकटलेला, पोलिसांनी आणून सोडलेला माणूस. त्याला विचारायचं कुणाला सुचलं नाही. ईसीटीनं असंख्य माणसं वाचवली, हेही तितकंच खरं. तीव्र नैराश्यात आजही तिच्याइतका परिणामकारक उपचार सापडणं कठीण. पण कळ पूर्णपणे दुसऱ्याच्या हातात, आणि तीही कित्येक ठिकाणी भूल न देता. आपल्याकडं यावर मोठी भांडणं झाली. पुण्यात भार्गवी दावर यांनी १९९९ साली आपल्या आईच्या नावानं बापू ट्रस्ट सुरू केला आणि भूल न देता दिल्या जाणाऱ्या शॉकविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला. शेवटी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देता येणार नाही, असं लिहिलं गेलं. हा कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. घरच्या यंत्राकडं संशयानं बघणाऱ्यांना आम्ही म्हणूनच हसत नाही. त्या संशयाला इतिहास आहे.

मधल्या काळात एक शहाणं यंत्र मात्र गाजावाजा न करता घरात शिरलं. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी वेदनेच्या 'फाटका'चा सिद्धांत मांडला, त्यातून टेन्स आलं. 'कंबरेला करंट घेतोय' असं आपण म्हणतो ना, त्याच कुळातलं. आज ते मेडिकलच्या दुकानात मिळतं आणि आजी स्वतः बटण फिरवते. हे जमलं कारण त्यात कंबर गुंतलेली होती. डोकं वेगळं. आपल्याला नेमकं काय होतंय हे ज्या अवयवानं कळायचं, त्यालाच आपण हात लावतोय.

डोक्याच्या बाबतीत लंडनला १९६४ मध्ये रेडफर्न, लिपोल्ड आणि कॉस्टेन यांनी सौम्य प्रवाहानं नैराश्य कमी होतं का ते तपासलं आणि चांगले निष्कर्ष छापले. १९७० मध्ये दुसऱ्यांनी करून बघितलं, तेव्हा फरक दिसला नाही. विषय थंड झाला. तो पुन्हा तापला २००० साली, जर्मनीत गॉटिंगनला. मिखाएल निट्शे आणि वॉल्टर पाउलुस यांनी दाखवलं की, एका मिलिअँपिअरचा प्रवाह काही मिनिटं दिला तर मेंदूच्या त्या भागाची उत्तेजित होण्याची तयारी बदलते आणि प्रवाह थांबल्यावरही तो बदल काही काळ टिकतो. यावेळी शब्दावर विश्वास ठेवायची गरज नव्हती. बोटाचा स्नायू किती उडतो ते मोजून आकडा मिळत होता.

आणि इथं इतिहासानं परत तोच खेळ केला. दोन मिलिअँपिअरला लागतं काय? नऊ व्होल्टची बॅटरी, थोडं सर्किट, दोन स्पंज. २०११-१२ पासून परदेशात पोरं घरीच ते जोडू लागली, मेंदू तल्लख करायला. २०१३ मध्ये व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांसाठी तयार पट्टाही बाजारात आला. २०१६ मध्ये संशोधकांच्या एका गटाला खुलं पत्र लिहावं लागलं: बाबांनो, जरा थांबा, दीर्घकाळाचे परिणाम आम्हालाही अजून माहीत नाहीत. हार्नेसचा पट्टा परत आला होता, फरक एवढाच की यावेळी त्यात वीज होती.

पण त्याच सुमाराला, सगळ्या गडबडीपासून दूर, आपल्या शेजारच्या राज्यात एक वेगळी गोष्ट घडत होती. आजच्या व्याख्यानात आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच. बंगळूरच्या निम्हान्समधले प्राध्यापक चित्तरंजन अंद्राडे यांनी २०१३ साली एका पेशंटची हकिगत प्रसिद्ध केली. स्किझोफ्रेनिया झालेली तरुणी. कानात सतत आवाज. इतर औषधं हरल्यावर जे शेवटचं म्हणून देतात ते क्लोझापीनही त्या आवाजांपुढं हरलेलं. तिला टीडीसीएस दिलं गेलं, आणि ते घरीच, दिवसातून एकदा किंवा दोनदा, जवळजवळ तीन वर्षं. आवाज पुष्कळ ओसरले. रोजच्याऐवजी एक दिवसाआड केल्यावर फायदा कमी होई.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. त्याआधी फ्रान्समध्ये लियाँला ब्रुनेलिन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ३० पेशंटवर हाच उपचार तपासला होता, पण दिवसातून दोनदा, पाच दिवस. पाच दिवस हॉस्पिटलात ठेवता येतं. तीन वर्षं रोज कुणाला ठेवणार? ज्या उपचाराचा गुण रोज घेतल्यानंच टिकतो, तो घरी न्यायलाच हवा. अर्थात हा एकाच पेशंटचा अनुभव. एकीवरून सगळ्यांचं ठरत नाही, आणि तसा दावा त्या लेखाचाही नाही. पण घरच्या टीडीसीएसच्या जगातल्या सुरुवातीच्या नोंदींत एक नोंद आपल्या देशातली आहे, हे आपल्याकडं फारसं कुणी सांगत नाही.

मग प्रश्न उरला यंत्राच्या घडणीचा. घरी नेमकं काय बिघडतं? पहिली गोष्ट स्पंज वाळतो. यंत्र असं बनवलेलं असतं की ते प्रवाह दोन मिलिअँपिअरवर कायम ठेवणार. स्पंज वाळला की विरोध वाढतो, मग यंत्र दाब वाढवतं, आणि सगळा प्रवाह जिथं ओल उरलीय तेवढ्याच कोपऱ्यातून घुसतो. कातडी भाजते. म्हणून यंत्रानं विरोध मोजत राहायचा आणि मर्यादेपलीकडं गेला की स्वतःच बंद व्हायचं. दुसरी गोष्ट जागा. डोक्यावर बोटभर सरकलं की भलत्याच भागाला वीज, म्हणून पट्टा एकाच पद्धतीनं बसेल असा हवा. तिसरी गोष्ट माणसाचा स्वभाव: एका वेळेला बरं वाटलं तर दोन वेळा घेऊ!

या तिसऱ्या गोष्टीवर न्यूयॉर्कला ली शार्वे यांच्या गटानं २०१५ च्या सुमाराला एक साधा उपाय बसवला. पेशंट मल्टिपल स्क्लेरोसिसचे, घराबाहेर पडणं अवघड. यंत्र त्यांच्या घरी, पण ते आपणहून सुरू होत नाही. तंत्रज्ञ व्हिडिओवर येतो, पट्टा नीट बसलाय का बघतो, काही दुखतंय का विचारतो आणि मगच त्या दिवसापुरता एक आकडा देतो. आकडा दाबला की एक सत्र, उद्या नवा आकडा. बँकेचा ओटीपी म्हणा ना. इथं पहिल्यांदा कळ दोघांत वाटली गेली. सुरू करायला दोघं लागतात, थांबवायला पेशंट एकटा पुरतो. आम्हाला विचाराल तर गेल्या दोनशे वर्षांत या यंत्रात झालेली सगळ्यात मोठी सुधारणा ही आहे, आणि तिच्यात वीज कुठंच नाही.

गुण येतो का, हे अजून भांडणाचंच. २०२३ मध्ये जर्मनीतल्या आठ हॉस्पिटलांत, आधीच गोळ्या चालू असलेल्या १६० नैराश्यग्रस्तांवर टीडीसीएस तपासलं. खोट्या यंत्रापेक्षा ते सरस ठरलं नाही. २०२४ मध्ये ब्राझीलमध्ये २१० जणांनी घरी, कुणाच्या थेट देखरेखीशिवाय वापरलं, तिथंही फरक पडला नाही. त्याच वर्षी ब्रिटन-अमेरिकेतल्या १७४ जणांनी दहा आठवडे घरी वापरलं. पहिलं सत्र संशोधकांच्या समोर, व्हिडिओवर, आणि पुढं ठरावीक अंतरानं तपासणीही व्हिडिओवरच. खऱ्या यंत्राच्या गटात सुमारे ४५ टक्के लोक आजारातून बाहेर आले, खोट्याच्या गटात सुमारे २२ टक्के. एकदम 'देखरेख म्हणजेच गुण' असं समीकरण मांडायचा मोह होतो. ते घाईचं आहे, कारण जर्मनीत तर देखरेख पूर्ण होती. औषधं, पेशंट, दिवसांची संख्या, सगळंच वेगळं. पण खोट्या यंत्राच्या गटातले ते २२ टक्केसुद्धा विसरू नका. कुणीतरी आपल्याकडं बघतंय, विचारतंय, याचाही त्यात काही वाटा असणार.

आता आपल्या घरात या. परदेशी पट्टा इथल्या डोक्यावर बसवून बघू. आपल्याकडं डोक्याला तेल असतं, तेलातून वीज जात नाही. लांब केस, अंबाडा. कपाळावर कुंकू, आणि इलेक्ट्रोड नेमका कपाळाला. सूचना इंग्रजीत, ॲप इंग्रजीत, आणि मोबाइल बहुतेक घरांत थोरल्या मुलाकडं, जो शिफ्टला गेलाय. बॅटरीवर चालतं, त्यामुळं लाइट गेली तरी अडत नाही, हा एक फायदा. दोन खोल्यांच्या घरात अर्धा तास डोक्याला पट्टा बांधून सून बसली तर शेजारी काय म्हणतील, हा प्रश्न कुठल्याच तक्त्यात नाही, पण पट्टा कपाटात जातो तो याच प्रश्नामुळं. इथंच आपल्या तालुक्यात हुपरीला चांदीचं काम चालतं. मेंदूच्या लहरी मोजणारे इलेक्ट्रोड अनेकदा चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचे असतात. बारीक चांदी घडवणारे हात वीस मिनिटांच्या अंतरावर आहेत. उद्या कुणी तेल लावलेल्या केसांतून कातडीपर्यंत पोचणारा इलेक्ट्रोड घडवायचं मनावर घेतलं, तर आम्हाला आश्चर्य वाटणार नाही.

आणखी एक गोष्ट, जरा अवघड. आपल्याकडं पेशंट गोळी घेत नसला की घरची माणसं ती चहात विरघळवतात, भाकरीत चुरून देतात. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा 'देवराई' २००४ साली आला, तो ज्यांनी बघितलाय त्यांना स्किझोफ्रेनियाच्या पेशंटभोवतीचं घर कसं दमून जातं ते वेगळं सांगायला नको. त्यांना आम्ही दोष देत नाही. पण हा पट्टा चहात विरघळत नाही. डोकं ज्याचं आहे तो बसायला तयार झाला तरच तो लागतो. अर्धा तास रोज, महिनोन्महिने, जबरदस्तीनं हे होत नाही. म्हणजे घरच्यांना पेशंटशी बोलावंच लागतं.

उलटी बाजूही आहे. उद्या एखाद्या घरात 'पट्टा लाव, नाहीतर जेवण नाही' असं होणार नाही कशावरून? २०१७ चा कायदा ईसीटीवर बोलतो, मेंदूच्या शस्त्रक्रियेवर बोलतो, घरी राहून पुनर्वसनाच्या सेवेचा हक्कही देतो. या पट्ट्याचं त्यात नाव नाही. त्याच वर्षीचे वैद्यकीय उपकरण नियम यंत्राचा धोका पाहून त्याला ए ते डी यांपैकी वर्ग देतात, पण तो तपास कारखान्याचा आणि यंत्राचा. पट्टा घरात आल्यावर त्याचा आकडा कोण देणार, आशाताई, तालुक्याचा दवाखाना, की कंपनीचं कॉल सेंटर, याची सोय अजून कुणी लावलेली नाही. २०२२ च्या ऑक्टोबरपासून १४४१६ हा टेली-मानसचा नंबर चालू आहे, मराठीतही बोलता येतं. निदान फोनच्या पलीकडं माणूस असायची सवय तरी लागतेय.

वेळ झालाय. मागच्या रांगेतल्या एका काकांनी मघाशीच चिठ्ठी पाठवलीय, 'फिट येणाऱ्याला हे चालतं का?' त्याचं उत्तर डॉक्टरांनीच द्यायचं, आणि यंत्र हातात यायच्या आधी. बाकीच्या चिठ्ठ्या इकडं द्या, एकेक घेऊ.